जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट: बदलण्याची वेळ कशी ठरवावी

वापरलेली गाडी घेताना आपल्याकडे बहुतेकजण टायर, क्लच, बॅटरी आणि विम्याची मुदत बारकाईने पाहतात. टायमिंग बेल्टची चौकशी मात्र क्वचितच होते, कारण तो प्लास्टिकच्या झाकणामागे असतो आणि तुटेपर्यंत बहुधा त्याची काही कुरबूर जाणवत नाही. संभाजीनगर, जालना, परभणी किंवा नांदेडच्या बाजारात दहा-बारा वर्षे जुनी गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. हा बेल्ट स्वतः बदलता यावा, हा त्याचा हेतू नाही. ते काम अनुभवी मेकॅनिकचेच आहे. परंतु तो कधी बदलायचा, हा निर्णय मालकाने समजून-उमजून घ्यायचा असतो आणि त्यासाठी लागणारी माहिती कोणालाही मिळवता येते.

बेल्ट नेमके काय करतो

इंजिनाच्या तळाशी असलेला क्रँकशाफ्ट पिस्टन वरखाली करतो, तर माथ्यावरचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडतो आणि मिटवतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच फेरा पूर्ण व्हावा लागतो, आणि तोही ठरलेल्या क्षणालाच. हा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. त्याच्या रबरात काचतंतूंच्या बारीक दोऱ्या असतात. ताण त्या सहन करतात आणि पकड दातांची असते.

बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पण गाडी वेगात असल्यामुळे पिस्टन आणखी काही फेरे मारतात. अनेक इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. अशा इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, कधी त्यांचे गाइड फुटतात आणि कधी पिस्टनलाही इजा होते. डिझेल इंजिनात दाब जास्त असल्यामुळे पिस्टनच्या माथ्यावर मोकळी जागा फारच थोडी असते, म्हणून तिथे हे नुकसान जवळजवळ निश्चित धरावे. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागत नाहीत. तिथे गाडी नुसती बंद पडते आणि नवा बेल्ट टाकला की पुन्हा चालू होते. मात्र आपले इंजिन त्यांपैकी आहे, असे कोणी नुसते तोंडी सांगितले म्हणून निर्धास्त राहू नये. हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) काढून व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च बेल्टच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तो कधी कधी गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

पहिली पायरी: बेल्ट आहे की चेन, हे निश्चित करणे

सर्वच गाड्यांना टायमिंग बेल्ट नसतो; काहींत तेच काम धातूची साखळी, म्हणजे टायमिंग चेन करते. मारुती ८००, ८०० सीसी इंजिनाची ऑल्टो, जुनी सँट्रो, १.४ लिटर डिझेलची इंडिका, २.५ लिटर डिझेलची जुनी इनोव्हा, १.५ लिटर डिझेलची डस्टर, १.४ लिटर डिझेलची फिगो, या गाड्यांत बेल्ट आहे. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जोडल्या गेलेल्या १.९ लिटर डिझेलच्या ऑक्टाव्हियातही बेल्टच आहे, आणि त्यांतल्या कित्येक गाड्या आजही आपल्या भागात दिसतात. याउलट १.३ लिटर डिझेलच्या स्विफ्टमध्ये आणि मारुतीच्या के-मालिकेतील पेट्रोल इंजिनांत चेन आहे.

केवळ नावावरून अंदाज बांधणे धोक्याचे आहे. जुन्या वॅगन-आरमध्ये बेल्ट होता, २०१० मध्ये नवे के-मालिकेतील इंजिन आले तेव्हा त्याच नावाच्या गाडीत चेन आली. ऑल्टो आणि ऑल्टो के-१० यांच्यातही हाच फरक आहे. म्हणून गाडीचे नाव, उत्पादनाचे वर्ष आणि इंजिनाचा प्रकार या तिन्ही गोष्टी आरसी बुकावरून टिपून घ्याव्यात आणि ओनर्स मॅन्युअलशी ताडून पाहाव्यात. इंजिनाकडे पाहूनही बरेच कळते. बाजूला दोन-तीन तुकड्यांचे, लहान बोल्टांनी बसवलेले प्लास्टिकचे झाकण असेल तर आत बहुधा बेल्ट असतो. ते झाकण धातूचे आणि तेल बाहेर येऊ नये असे पक्के बसवलेले असेल तर आत चेन असण्याची शक्यता जास्त. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. १.० लिटर टर्बो पेट्रोलच्या इकोस्पोर्टमध्ये बेल्ट आहे, पण तो इंजिन ऑइलमध्ये भिजलेला चालतो; अशा इंजिनात कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल आणि ते वेळेवर बदलणे ही बेल्टच्या आयुष्याची पहिली अट असते.

चेन असेल तर या लेखातील बाकीच्या पायऱ्या आपल्याला लागू होत नाहीत. चेनही ताणली जाते आणि तिचाही टेन्शनर (ताण कायम राखणारा भाग) झिजतो, पण तिच्या बदलाचा हिशोब वेगळा असतो.

दुसरी पायरी: मॅन्युअलमधील दोन आकडे

बहुतेक कंपन्या बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षे अशी दुहेरी मर्यादा देतात, आणि त्यांपैकी जी आधी येईल ती पाळायची असते. गाडीनुसार किलोमीटरचा आकडा साधारण साठ हजारांपासून दीड लाखापर्यंत बदलतो. मॅन्युअलमध्ये वर्षांचा उल्लेख नसेल, तर पाच ते सात वर्षे ही मर्यादा मी धरतो, कारण गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होत राहते. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. शेजाऱ्याची इनोव्हा सव्वा लाखावर बिनतक्रार चालली, म्हणून आपली सँट्रोही तितकी चालेल, या म्हणण्याला काहीच आधार नाही.

किलोमीटरच्या आकड्यामागचा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. एक लाख किलोमीटर सरासरी ताशी चाळीसच्या वेगाने कापले, असे धरले तर इंजिन अडीच हजार तास चालले. त्या काळात मिनिटाला सरासरी दोन हजार फेरे धरले, तर क्रँकशाफ्टचे तीस कोटी फेरे होतात. म्हणजे बेल्टचे खरे आयुष्य इंजिनाच्या फेऱ्यांनी ठरते आणि ओडोमीटर हा त्याचा केवळ एक अंदाज आहे. ही गोष्ट चौथ्या पायरीत उपयोगी पडेल.

तिसरी पायरी: गाडीचा इतिहास

मराठवाड्यात विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या पुण्या-मुंबईकडून येतात. एमएच १२ किंवा एमएच १४ ची पाटी असलेली गाडी दोन एजंटांच्या हातून परभणीला पोहोचते, तोवर तिची सर्व्हिसची कागदपत्रे बहुधा हरवलेली असतात. अशा वेळी विकणाऱ्याला “बेल्ट बदललाय का?” एवढेच विचारून थांबू नये, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. कधी बदलला, किती किलोमीटरवर, कुठे आणि सोबत काय काय बदलले, हे विचारावे आणि बिल मागावे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काम झाले असेल, तर गाडीच्या क्रमांकावरून किंवा चेसिस क्रमांकावरून जुनी नोंद निघू शकते. त्यासाठी एक फोन जरूर करावा.

चांगले मेकॅनिक काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा टायमिंग कव्हरवर लावतात. तो सापडला तर फोटो काढून ठेवावा, आणि त्यावरचा किलोमीटरचा आकडा आजच्या ओडोमीटरपेक्षा मोठा तर नाही ना, तेही पाहावे. तसे असेल तर गाडीचे मीटर मागे फिरवलेले आहे आणि मग कुठलाच आकडा विश्वासाचा राहत नाही.

काही डिझेल गाड्यांच्या डॅशबोर्डवर टायमिंग बेल्टचा दिवा असतो. तो बेल्टची अवस्था पाहून पेटत नाही, तर ठराविक किलोमीटर पूर्ण झाले म्हणून पेटतो, आणि बेल्ट न बदलताही तो विझवता येतो. म्हणून दिवा पेटला तर त्याची दखल घ्यावी, पण तो विझलेला आहे एवढ्यावरून बेल्ट नवा आहे असे मानू नये.

कागदोपत्री पुरावा मिळाला नाही, तर माझे मत स्पष्ट आहे: बेल्ट कधीच बदललेला नाही असे धरावे. गाडीचा सौदा करतानाच हा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

चौथी पायरी: आपल्याकडचा वापर

मॅन्युअलमध्ये बहुधा “कठीण परिस्थितीतील वापर” असा वेगळा तक्ता असतो आणि त्यात धूळ, तीव्र उष्णता, सतत थांबत-थांबत चालणे आणि जड ओझे यांचा समावेश असतो. मराठवाड्यातील बहुतेक गाड्या याच तक्त्यात बसतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि बॉनेटखालचे तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. उष्णतेने रबर कडक होते. लातूर, बीड, धाराशिव भागात गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांमागून मातीच्या रस्त्याने चालणाऱ्या गाडीच्या टायमिंग कव्हरची एखादी कडा तुटलेली असेल, तर बारीक माती आत जाऊन दात आणि पुली दोन्ही झिजवते. म्हणून तुटके कव्हर किंवा गायब झालेला बोल्ट ही किरकोळ बाब समजू नये.

दोन गाड्यांची तुलना केली म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. सेलूतील एखाद्या शिक्षकाची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालते. दहा वर्षांत तिचे चाळीस हजारच झाले, पण बेल्ट दहा वर्षांचा आहे आणि तो बदलायला हवा. दुसरीकडे तुळजापूर, परळी, अक्कलकोट अशा भाड्याच्या फेऱ्या करणारी गाडी वर्षाला चाळीस हजार किलोमीटर सहज कापते. तिच्या बाबतीत वर्षांचा प्रश्नच येत नाही, किलोमीटरचीच मर्यादा आधी गाठली जाते. शिवाय ती मंदिराच्या पार्किंगमध्ये एसी चालू ठेवून तासन्‌तास उभी असते. मिनिटाला आठशे फेऱ्यांनी चालणारे इंजिन तासाभरात अठ्ठेचाळीस हजार फेरे पूर्ण करते आणि ओडोमीटर मात्र एका किलोमीटरनेही पुढे सरकत नाही. अशा गाडीसाठी कंपनीच्या आकड्यातून वीस टक्के कमी करून बेल्ट बदलावा, असा माझा सल्ला आहे.

शेतात किंवा वाड्याच्या अंगणात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीला आणखी एक धोका असतो. कापूस आणि धान्य जवळ असले की उंदीर इंजिनात घर करतात. कव्हरच्या फटीतून आत गेलेला कापसाचा बोळा किंवा चिंधी पुलीत अडकली, तर बेल्ट दातावरून सरकू शकतो. अशी गाडी चालू करण्यापूर्वी वरचे कव्हर उघडून पाहणे शहाणपणाचे आहे.

पाचवी पायरी: झाकण उघडून पाहणे

ही तपासणी मेकॅनिककडून करून घ्यावी, पण स्वतः शेजारी उभे राहावे. इंजिन पूर्ण थंड असावे. बहुतेक गाड्यांत वरचे कव्हर दहा नंबरच्या पान्ह्याने निघते. टॉर्चच्या उजेडात बेल्टचा दिसणारा भाग पाहावा, नंतर क्रँक पुलीच्या बोल्टवर पान्हा लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हळूहळू फिरवावे आणि पुढचा भाग पाहावा. इंजिन उलट्या दिशेने फिरवू देऊ नये, कारण काही इंजिनांत त्यामुळे ढिली बाजू सैल पडून बेल्ट दात सोडतो.

पाठीवर आडव्या भेगा, कडेचे सुटलेले धागे, आरशासारखी आलेली चकाकी, दातांच्या बुडाशी पडलेली चीर, तुटलेला दात, कव्हरच्या तळाशी साचलेली काळी रबरी भुकटी यांपैकी एकही खूण दिसली, तर गाडी तिथेच थांबवून बेल्ट बदलावा. कड एकाच बाजूने झिजली असेल, तर दोष बहुधा टेन्शनर किंवा एखाद्या पुलीच्या तिरकेपणात असतो. नुसता बेल्ट बदलल्याने तो जाणार नाही. बोटाला तेल लागले, तर कॅम किंवा क्रँकचे ऑइल सील गळत आहे. तेलाने भिजलेले रबर फुगते आणि मऊ पडते, त्यामुळे असा बेल्ट पुसून पुन्हा वापरण्याचा विचार करू नये. हिरवट किंवा गुलाबी डाग कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे असतात आणि ते वॉटर पंपाकडे बोट दाखवतात.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नवख्या मालकाने पक्की ध्यानात ठेवावी. पूर्वीच्या बेल्टना म्हातारपणी भेगा पडत. अलीकडच्या बेल्टचे रबर अधिक टिकाऊ असल्यामुळे मुदत संपली तरी त्यावर भेग दिसेलच असे नाही. आतल्या दोऱ्या थकलेल्या असतात आणि पाठ काळीभोर, गुळगुळीत दिसते. त्यामुळे “बेल्ट चांगला दिसतोय, अजून वीस हजार काढा” हा सल्ला, तो देणारा मेकॅनिक कितीही भला असला तरी, स्वीकारू नये. तपासणीने बदल अलीकडे आणता येतो, पुढे ढकलता येत नाही.

आवाजाबद्दलही गैरसमज आहे. सकाळी गाडी चालू करताना येणारी चीं-चीं बहुधा बाहेरच्या फॅन बेल्टची असते. टायमिंग बेल्टच्या बाजूने घरघर किंवा बारीक शीळ येत असेल, तर टेन्शनर वा आयडलरचे (बेल्टला वाट देणाऱ्या मोकळ्या पुलीचे) बेअरिंग जात आले आहे असे समजावे. इंजिन अचानक थरथरू लागले, ओढ कमी झाली, चालू व्हायला वेळ लागू लागला आणि स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला, तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बिघडला आहे; याचे एक कारण बेल्ट दात सरकणे हे असू शकते. अशी गाडी “गावापर्यंत नेऊ” म्हणून चालवू नये.

सहावी पायरी: निर्णय

वरील माहिती जमली की निर्णय अवघड राहत नाही. पुरावा नाही, तर गाडी घेतल्यावर पहिल्या लांब प्रवासाआधी बदला. पुरावा आहे, पण वर्षे किंवा किलोमीटर यांपैकी एक मर्यादा ओलांडली आहे, तर लगेच बदला. मर्यादेला पाच-सात हजार किलोमीटर उरले आहेत आणि उन्हाळा तोंडावर आहे, तर उन्हाळ्याआधीच बदललेले बरे. तेल, कूलंट किंवा तुटके कव्हर सापडले, तर किलोमीटर कितीही कमी असले तरी बदला. आणि वॉटर पंप किंवा क्रँकच्या सीलसाठी बेल्ट खाली उतरवावाच लागत असेल, तर जुना पुन्हा चढवू नका.

गाडीला पंधरा वर्षे होऊन पुन्हा पासिंग करायचे असते, तेव्हा मालकांपुढे हा प्रश्न हमखास येतो. पुढची पाच वर्षे गाडी ठेवायची असे ठरले असेल, तर रंगरंगोटीच्या आधी बेल्टचे काम करावे. गाडी मोडीतच द्यायची असेल, तर हा खर्च करू नये. मात्र तोवर तिला महामार्गावर किंवा कन्नडच्या घाटात नेऊ नये, कारण चालत्या गाडीत इंजिन एकाएकी बंद पडले की पॉवर स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकचे साहाय्य दोन-तीन दाबांत संपते.

काम करून घेताना

नुसता बेल्ट न बदलता टेन्शनर आणि आयडलर यांसह पूर्ण संच बदलावा. डस्टरचे १.५ लिटर डिझेल किंवा ऑक्टाव्हियाचे १.९ लिटर डिझेल अशा इंजिनांत वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो. तो आत्ताच बदलावा, कारण सहा महिन्यांनी तो जाम झाला तर नवा बेल्टही घेऊन जाईल आणि मजुरी दुसऱ्यांदा पडेल. सील गळत असतील तर तीही याच वेळी बदलावीत. कंपनीने एकदाच वापरण्याचे सांगितलेले बोल्ट नवेच घ्यावेत.

बेल्ट बंद खोक्यातला असावा, त्यावरचा पार्ट नंबर गाडीच्या इंजिनाशी जुळावा आणि त्यावरील उत्पादनाची तारीख वाचून घ्यावी. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला बेल्ट नवा मानता येत नाही. नवा बेल्ट कोणी घडी घालून किंवा उलटा मुरगळून दाखवत असेल, तर तो घेऊ नये, कारण आतल्या काचतंतूंना त्याने इजा होते.

मेकॅनिक निवडताना त्याला दोनच प्रश्न विचारावेत: या इंजिनाचे लॉकिंग टूल (क्रँक आणि कॅम नेमक्या जागी अडकवून ठेवणारे साधन) आहे का, आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) वापरता का. मारुती ८०० सारख्या साध्या इंजिनात खुणा जुळवून काम होते, पण अनेक नव्या डिझेल इंजिनांत लॉकिंग पिनांशिवाय टायमिंग नेमके लागत नाही. तालुक्याच्या गावी ते साधन नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी नेण्याचा त्रास घ्यावा. बेल्ट बसल्यावर इंजिन आधी हाताने क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का हे पाहायला सांगावे. त्यानंतरच सेल्फ मारावा. जुने भाग मागून घ्यावेत आणि बिलावर तारीख, किलोमीटर व प्रत्येक भागाचा नंबर लिहून घ्यावा.

पुढे इंजिन धुताना कव्हरवर डिझेलचा किंवा जोरदार पाण्याचा फवारा मारू देऊ नये. आपल्याकडच्या वॉशिंग सेंटरवर डिझेल मारण्याची पद्धत अजून आहे, आणि ते आत झिरपले की नवा बेल्टही लवकर खराब होतो.

बेल्ट रस्त्यात तुटलाच तर

गाडी धावताना एकदम बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके, गरगर फिरल्यासारखे वाटले, तर पुन्हा सेल्फ मारू नये. धक्का मारून चालू करण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नये. एखाद्या वेळी वाचलेले व्हॉल्व्ह त्यात वाकतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून कडेला घ्यावी आणि टोइंग करून गॅरेजला न्यावी. गॅरेजमध्ये नवा बेल्ट टाकून थेट चालू करून पाहण्याऐवजी आधी व्हॉल्व्ह वाकले आहेत का, हे कॉम्प्रेशन किंवा लीकडाउन टेस्टने (सिलिंडर दाब धरतो की हवा गळते, हे पाहणाऱ्या चाचणीने) तपासायला सांगावे आणि हेड उघडण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.